पंधरा दिवस बरं, मग पुन्हा मर: शेततळ्यात औषधाचा गुण का टिकत नाही

"सर, औषध टाकलंय की दोनदा. पंधरा दिवस बरं हुतं, आता मासं पुन्हा अंग घासाय लागल्यात. आता कंचं टाकू तेवढं सांगा."

मार्चमध्ये सांगोल्याकडच्या एका डाळिंब बागायतदाराचा सकाळी साडेसहाला आलेला हा फोन. असे फोन मला फेब्रुवारी ते मे या काळात सतत येतात आणि जवळजवळ प्रत्येक फोनचा शेवट याच प्रश्नाने होतो: आता कोणतं टाकू? मी फोनवर औषधाचं नाव सांगत नाही. माणसं रागावतात, पण तळं आणि मासा बघितल्याशिवाय सांगितलेलं नाव म्हणजे अंधारात मारलेला दगड. तो दगड माशाला तर लागतोच, पुढे तो मासा खाणाऱ्याच्या ताटापर्यंतही जातो.

या शेतकऱ्याचं तळं सगळ्यांच्या ओळखीचं: 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर, आत प्लास्टिकचा कागद, पाणी बागेसाठी आणि त्यातच रोहू, कटला, मृगळ. मी पोचलो तेव्हा त्यांनी शेडमधून औषधांचं खोकं आणून समोर ठेवलं. लाल औषधाची, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटची रिकामी पाकिटं. कोंबड्यांना पाण्यातून देतात ती ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पावडर, चार पाकिटं संपलेली. आणि दोन गोष्टी अजून सीलबंद: एनरोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाची बाटली आणि सायपरमेथ्रिन, म्हणजे पिकावर फवारायचं कीटकनाशक. ही दोन्ही त्याच दिवशी टाकायची ठरली होती. माझी वाट बघत थांबले होते, हे नशीब.

तळ्यात काय बिघडलं होतं ते या खोक्यावरून बरंचसं कळलं. तुमच्याकडे असाच फेरा चालू असेल तर आम्ही ज्या क्रमाने तपासत गेलो त्याच क्रमाने तपासा. क्रम बदलला की पैसे जातात.

आधी घड्याळ बघा, मग मासा

पहिला प्रश्न: मासे कधी मरतात? पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात, ऊन पडलं की खाली जातात, आणि मेलेल्यांत मोठे मासे जास्त असतात, असं असेल तर तो रोग नाही. पाण्यातला ऑक्सिजन रात्रभर संपत जातो आणि पहाटे सर्वांत कमी असतो. पाणी हिरवंगार असेल तर रात्री शेवाळही ऑक्सिजन घेतं, आणि ढगाळ दिवसानंतरची पहाट सर्वांत वाईट. अशा वेळी तळ्यात कोणतंही औषध टाकलं तर ते उलटंच पडतं. फॉर्मेलिन हे जंतुनाशक तर स्वतःच पाण्यातला ऑक्सिजन खातं. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र लावा, पाणी फिरवा, विहिरीचं पाणी उंचावरून पाडा, दोन दिवस खाद्य बंद ठेवा. यातच निम्म्या तळ्यांचा प्रश्न सुटतो आणि औषधाचं पाकीट उघडावं लागत नाही.

दुसरा प्रश्न अमोनियाचा. इथे सामू (पाण्याचा pH) आणि अमोनिया एकत्र वाचायचे असतात. नुसता अमोनियाचा आकडा बघून काही कळत नाही. अमोनियाचा एक भाग विषारी आणि एक भाग बराच निरुपद्रवी असतो, आणि कोणता किती हे सामू ठरवतो. पाणी 30 अंशांवर असताना सामू 7 असेल तर विषारी भाग 1 टक्क्याच्या आत, 8 असेल तर 7 टक्क्यांच्या आसपास आणि 9 झाला की 40 टक्क्यांच्या वर. म्हणून सकाळी सातला मोजलेला सामू 8 आणि दुपारी तीनला 9 असेल तर मासे दुपारी बेचैन का होतात हे वेगळं सांगायला नको. सामू दिवसातून दोनदा मोजायचा तो याचसाठी.

या तळ्यात ऑक्सिजन ठीक होता. सामू सकाळी 8.1, दुपारी 8.8. अमोनिया जरा चढलेला. पण नुसत्या अमोनियाने मासा कागदाला अंग घासत नाही. म्हणून पाग टाकून मासे धरले.

हातात धरून बघा

मासा ओल्या हातात धरायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथेच नवी जखम सुरू होते. पहिला मासा साडेतीनशे ग्रॅमचा रोहू होता. पराच्या मुळाशी दोन लाल ठिपके, एक खवला उचकटलेला. वरवर बघणारा याला लगेच "लाल चट्ट्यांचा रोग" म्हणेल. मी मासा उन्हात तिरका धरला. पोटाखालच्या पराजवळ मसूरीच्या डाळीएवढं, चपटं, काचेसारखं काहीतरी होतं. बोटाने ढकललं तर ते सरकलं. नीट बघितलं की दोन काळे बारीक ठिपके दिसतात, ते त्याचे डोळे. ही माशांची उवा, शास्त्रीय नाव अर्ग्युलस. दहा मासे धरले, आठांवर उवा निघाल्या. एका कटल्यावर अकरा मोजल्या.

शेतकऱ्याने तीच उवा तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. दोन महिने रोज तळ्यावर येणाऱ्या माणसाने ती कधी पाहिली नव्हती, कारण मेलेला मासा पाण्यावर येईपर्यंत उवा त्याला सोडून गेलेली असते. म्हणून निदान जिवंत माशावर करायचं. कल्ले उघडून बघा, पराखाली बघा, तोंडाच्या आत बघा.

आता पंधरा दिवसांचं कोडं. उवेची मादी अंडी घालायला मासा सोडते आणि कोणत्याही टणक जागेवर ओळीने अंडी चिकटवते: दगड, बांबू, पाइप, कागदाची घडी, पाण्यात बुडालेला दोर. पाणी कोमट असेल तर साधारण दोन आठवड्यांत पिल्लं निघतात आणि मासा शोधतात. औषधाने माशावरची उवा मरते, अंडं मरत नाही. म्हणजे औषध टाकल्यावर पंधरा दिवस बरं वाटणं आणि मग पुन्हा तेच होणं, हे उवेच्या पिढीचं वेळापत्रक आहे. औषध नकली निघालं असा संशय बहुतेकांना येतो आणि ते जास्त जहाल औषधाकडे वळतात. तसं केलं तरी अंडी तिथेच असतात.

तळ्याच्या कोपऱ्यात पंपाचा पाइप टेकवायला दोन बांबू उभे होते. एक उपटला. पाण्याखालच्या भागावर बोट फिरवलं तर खरखरीत पट्टे लागत होते, रवा चिकटल्यासारखे. तीच उवेची अंडी. तळ्याचं खरं दुखणं त्या बांबूवर होतं.

सगळ्या जखमा उवेच्याच असतात असं मात्र समजू नका. पावसाळा संपताना आणि थंडीत, अंगावर खोल लाल व्रण पडून आतलं मांस दिसू लागलं, तर तो व्रणरोग असू शकतो. भारतात तो 1988 मध्ये ईशान्येकडून आला. त्याच्या मुळाशी अफॅनोमायसिस इन्व्हॅडन्स नावाची बुरशीसारखी जात आहे. त्यावर प्रतिजैविक काम करत नाही, जिवाणूंचा दुय्यम संसर्ग तेवढा कमी होतो. पाण्याची क्षारता सुधारायला चुना आणि भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केलेलं सिफॅक्स, हेक्टर-मीटरला (एक हेक्टरवर एक मीटर खोल पाण्याला) 1 लिटर, हा त्याचा रुळलेला उपाय. कोळंबीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा असतो, तिथेही प्रतिजैविकाला करण्यासारखं काही नसतं. लाल ठिपका दिसला की प्रतिजैविक, हे समीकरण डोक्यातून जायला हवं.

तळ्याचं पाणी किती? हा प्रश्न सगळ्यांत जास्त मासे मारतो

मी विचारलं, लाल औषध किती टाकलं? उत्तर आलं, दोन्ही वेळेला 5 किलो 400 ग्रॅम. कुठून काढलं? 30 गुणिले 30 गुणिले 3, म्हणजे 2,700 घनमीटर, घनमीटरला 2 ग्रॅम.

गुणाकार बरोबर आहे, तळं चूक आहे. शेततळ्याच्या बाजू उभ्या नसतात. उतार 1:1 धरला, म्हणजे जेवढं खोल तेवढं आत, तर वर 30 मीटर असलेलं तळं तळाशी 24 मीटर उरतं. काठोकाठ भरलं तरी पाणी 2,196 घनमीटर होतं. आणि मार्चमध्ये काठोकाठ कोणाचं तळं असतं? बागेला पाणी चालू असतं. दुसऱ्या वेळेला औषध टाकलं तेव्हा दीड मीटरच पाणी होतं. दीड मीटरला पाण्याचा वरचा चौकोन 27 मीटरचा, खालचा 24 चा. हिशेब केला तर साधारण 976 घनमीटर. म्हणजे 2 ग्रॅमच्या जागी साडेपाच ग्रॅम पडलं. त्यात हे कागदाचं तळं. मातीच्या तळ्यात तळाचा गाळ परमँगनेटचा बराच भाग स्वतः खातो, कागदावर गाळ थोडा, त्यामुळे सगळा मारा माशाच्या कल्ल्यांवर.

दुसऱ्या डोसनंतर दोन दिवसांत एकशे चाळीस मासे गेले होते. कल्ले तपकिरी पडलेले, असं त्यांनीच सांगितलं. ती मर रोगाची नव्हती, औषधाची होती. आणि तीच मर थांबवायला म्हणून त्यांनी कोंबड्यांची ऑक्सिटेट्रासायक्लिन आणली. एका औषधाच्या चुकीवर दुसरं औषध. अशी साखळी मी इतक्या तळ्यांवर पाहिली आहे की आता शेडमधलं खोकं बघितल्याशिवाय तळ्याकडे जातच नाही.

पाणी मोजायची सोपी रीत: तळ्यात एक दोर सोडा, त्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरला गाठी मारा. आजच्या पाण्याची खोली घ्या. आज पाण्याच्या वरच्या कडेची लांबी-रुंदी टेपने मोजा, तळाची तळं खोदताना लिहिलेली असेल. वरचं क्षेत्रफळ आणि खालचं क्षेत्रफळ यांची सरासरी गुणिले आजची खोली, एवढंही चालतं. आकडा किंचित जास्त येतो, पण 2,700 ची चूक होत नाही. हा आकडा दर पंधरा दिवसांनी बदलतो, म्हणून शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

परमँगनेटसाठी आणखी एक गोष्ट करा. चार बादल्यांत तळ्याचंच पाणी घ्या, त्यात 1, 2, 3, 4 मिलिग्रॅम प्रति लिटर या हिशेबाने औषध घाला आणि पंधरा मिनिटं थांबा. ज्या बादलीत जांभळट रंग टिकतो तिथून खरा डोस सुरू होतो. पाण्यातल्या घाणीने बाकीचं आधीच खाल्लेलं असतं. मग एका मोठ्या टबात त्या डोसमध्ये पाच-सहा मासे काही तास ठेवून बघा. टबात मासे मेले तर पाचच गेले, तळ्यात मेले तर वर्ष गेलं. आणि परमँगनेट आणि फॉर्मेलिन एकत्र कधीही नाही, साठवतानाही शेजारी ठेवू नका.

खाद्यातून दिलेलं औषध: पोत्याला नव्हे, माशाच्या वजनाला

ऑक्सिटेट्रासायक्लिन त्यांनी कशी दिली? रोज एक पाकीट एका पोत्याला चोळून, चार दिवस. पाकीट 100 ग्रॅमचं, लेबलवर 5 टक्के. म्हणजे रोज खरं औषध 5 ग्रॅम.

आता उलटा हिशेब. तळ्यात अंदाजे 2,000 मासे, सरासरी 400 ग्रॅम, म्हणजे 800 किलो मासा. खाद्यातून ऑक्सिटेट्रासायक्लिनची मात्रा माशाच्या किलोमागे दिवसाला 50 ते 100 मिलिग्रॅमच्या घरात असते. समजा डॉक्टरांनी 75 लिहिली, तर दिवसाला 60 ग्रॅम खरं औषध लागतं. यांनी त्याचा बारावा हिस्सा दिला आणि दहा दिवसांऐवजी चार दिवसांत बंद केला. एवढ्या औषधाने जिवाणू मरत नाहीत, सरावतात. पुढच्या वेळेला खरोखर जिवाणूंचा रोग आला आणि योग्य मात्रा दिली, तरी ते औषध चालेलच याची खात्री राहत नाही. तळ्यातले सरावलेले जिवाणू कालव्यात, ओढ्यात, माणसात जातात, त्यांना बांध अडवत नाही. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण त्याची किंमत औषध देणारा मोजत नाही, गावातलं तापाने फणफणलेलं एखादं पोर मोजतं.

आजारी मासा आधी खाणं सोडतो, हेही लक्षात असू द्या. खाद्यातलं औषध मुख्यतः अजून खाणाऱ्या माशांना वाचवतं. खाद्य माशाच्या वजनाच्या 2 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आलं असेल तर तेवढंच औषध निम्म्या खाद्यात बसवावं लागतं, म्हणून मात्रा माशाच्या वजनावर धरायची. थोड्या तेलात औषध कालवून गोळ्यांना चोळा, सावलीत सुकवा, नाहीतर पाण्यात पडताच धुऊन जातं.

प्रतिजैविक थेट पाण्यात ओतणारेही आहेत. टेट्रासायक्लिन गटातली औषधं पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतात आणि आपल्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. वर पाण्यात औषध पडलं की अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणूही मार खातात. मग आठवड्याने अमोनिया चढतो, मासे सुस्त होतात, मालक म्हणतो रोग परत आला. पुन्हा औषध. हा दुसरा फेरा, उवेच्या फेऱ्यावर चढलेला.

त्या दोन सीलबंद बाटल्या

एनरोफ्लॉक्सासिन कोंबड्यांच्या दुकानात सर्रास मिळतं. ते फ्लुओरोक्विनोलोन गटातलं आहे आणि हा गट मासळीसाठी बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरण आणि अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण या दोघांच्या यादीत क्लोरॅम्फेनिकॉल, सगळे नायट्रोफ्युरान, निओमायसिन, नॅलिडिक्सिक आम्ल, सल्फामेथॉक्झाझोल, मेट्रोनिडाझोल आणि त्याची भावंडं, ग्लायकोपेप्टाइड, अशी नावं आहेत. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानची औषधं तर 2025 पासून खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या कोणत्याच प्राण्यासाठी बनवता, विकता येत नाहीत. कॉलिस्टिन या प्रतिजैविकावर असाच निर्णय 2019 मध्ये झाला. मॅलाकाइट ग्रीन हे हिरवं रंगद्रव्य काही जुने लोक अजून बुरशीवर सांगतात. त्याचा अंश माशाच्या चरबीत दीर्घकाळ राहतो आणि कर्करोगाचा धोका मानला जातो. खाण्याच्या माशाजवळ ते आणूच नका.

कोंबडीला चालतं ते माशाला चालतंच, हा गैरसमज दुकानापासून सुरू होतो. लेबलवर कोणता प्राणी लिहिला आहे ते वाचा, टक्केवारी वाचा, आणि दोन औषधांचं मिश्रण असेल तर दोन्ही नावं वाचा. ऑक्सिटेट्रासायक्लिन म्हणून घेतलेल्या पाकिटात शेजारी निओमायसिन असू शकतं.

सायपरमेथ्रिनची बाटली पिकासाठी नोंदवलेली. उवा त्याने मरतात, हे खरं, म्हणूनच मोह होतो. पण मासा त्याला अतिशय हळवा असतो, माशाचं खाद्य असणारे पाण्यातले सूक्ष्म प्राणी आधी मरतात आणि त्या मढ्यांनी ऑक्सिजन खाली येतो. मात्रा थोडी चुकली की तळं पांढरं. तळ्याच्या काठावर बसून डाळिंबावर फवारणी करणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे: वाऱ्याची दिशा बघा आणि फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका. औषधासाठी वेगळी बादली, वेगळा पंप ठेवा. तणनाशकाच्या पंपातून चुन्याची निवळी मारून मासे मेलेले मी पाहिले आहेत.

दोन्ही बाटल्या त्यांनी दुकानात परत केल्या. दुकानदार आधी कुरकुरला, मग घेतल्या.

आम्ही त्या तळ्यात काय केलं

पहिल्या दिवशी कोणतंच औषध नाही. पाण्यातले बांबू, जुना दोर, फुटका पाइप सगळं बाहेर काढून उन्हात टाकलं. पाणी उतरल्यामुळे उघड्या पडलेल्या कागदाच्या पट्ट्यावर कुंच्याने घासलं, ऊन लागलं की तिथली अंडी सुकून मरतात. मग मुद्दाम वीस जुनी कौलं दोरीला बांधून चारही बाजूंनी पाण्यात सोडली. मादीला अंडी घालायला टणक जागा हवीच असते, आपण तिला जागा द्यायची आणि आठ दिवसांनी कौलं वर काढून कडक उन्हात वाळवायची, दुसरी सोडायची. खर्च शून्य. पहिल्या आठवड्याची कौलं काढली तेव्हा वीसपैकी तेरांवर पट्टे होते.

पाणी कमी होत गेल्याने तळ्यात मासा दुपटीहून दाट झाला होता. 800 किलो मासा 2,196 घनमीटरमध्ये सुखाने राहतो, 976 मध्ये एकमेकांना घासतो आणि उवा सहज पसरते. म्हणून बागेचं निम्मं पाणी पंधरा दिवस बोअरवरून दिलं आणि तळ्यात थोडं सोडलं. खाद्य निम्म्यावर आणलं.

मग पशुवैद्यकांनी मासे बघून चिठ्ठी लिहिली. उवेच्या औषधाचा डोस आम्ही त्या दिवशीच्या पाण्यावर मोजला, टबात पाच मासे ठेवून बघितला, सकाळी ऊन पडल्यावर एरेटर चालू ठेवून दिला आणि बाराव्या दिवशी पुन्हा. दुसरा डोस उरलेल्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी असतो, ती मोठी होऊन अंडी घालायच्या आत. लोक हाच डोस चुकवतात, कारण बाराव्या दिवशी तळं छान दिसत असतं. प्रतिजैविक दिलं नाही, जखमांत जिवाणूंचा पसारा नव्हता.

जिवाणूंची शंका असेल तर अंदाज करू नका. मरायला टेकलेले दोन-तीन जिवंत मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत नेऊन तपासून घ्या. मेलेला मासा उष्णतेत तासाभरात सडतो, त्यातून काही कळत नाही. नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीजवळच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. 2023 मध्ये केंद्राने सुरू केलेल्या 'रिपोर्ट फिश डिसीज' या मोबाइल ॲपवरूनही रोगाची खबर देता येते. कोणतं प्रतिजैविक त्या जिवाणूवर चालतं याची चाचणी होते. चाचणीला दोन-चार दिवस लागतात, तोवर पाणी सुधारा.

विकायचे कधी?

व्यापारी दोनदा येऊन गेला होता. मर लागलेल्या तळ्याचा माल स्वस्तात उचलायला तो येतोच, आणि मालकालाही वाटतं की मरण्यापेक्षा विकलेलं बरं. औषधाचा अंश असलेला मासा बाजारात जातो तो बहुतेक वेळा या घाईत. मी या धंद्यात नवा असताना एका तळ्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन सुचवली होती आणि विक्रीची तारीख विचारली नव्हती. सहाव्या दिवशी जाळं ओढलं गेलं. मला दोन आठवड्यांनी कळलं. त्या गावच्या बाजारात तो मासा कोणाकोणाच्या घरी गेला असेल, हा विचार अजून येतो, आणि तेव्हापासून औषधाच्या आधी मी विक्रीची तारीख विचारतो.

औषध दिल्यापासून विक्रीपर्यंत किती दिवस थांबायचं हे लेबलवर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर 2012 मध्ये औषध नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे माशासाठी किमान 500 अंश-दिवस थांबायचं. हे दिवसांचं गणित नाही, पाण्याच्या तापमानाचं आहे, कारण थंड पाण्यात माशाचं शरीर औषध हळू बाहेर टाकतं. रोजचं सरासरी तापमान मिळवत जायचं, बेरीज 500 झाली की मोकळं. पाणी 25 अंश असेल तर 20 दिवस, थंडीत 20 अंशांवर आलं तर 25 दिवस. साधा तापमापक दोरीला बांधून अर्धा मीटर खाली सोडा, सकाळी सात आणि दुपारी तीनला वाचा, सरासरी लिहा. ऑक्सिटेट्रासायक्लिनचा मासळीत चालणारा अंश किलोला जास्तीत जास्त 0.1 मिलिग्रॅम आहे, थांबायचं ते यासाठी. आणि बंदी असलेल्या औषधाला थांबण्याचा काळ नसतो. ते दिलं असेल तर कितीही दिवस थांबून मासा कायदेशीर होत नाही.

या काळात घरच्या कालवणालाही तो मासा नको. मेलेले मासे कुत्र्यांना टाकू नका, चुना टाकून खोल पुरा. औषध टाकलेलं पाणी ओढ्यात सोडू नका आणि जनावरं तळ्यावर पाणी पीत असतील तर त्यांचं पाणी तेवढे दिवस वेगळं ठेवा. औषध मिसळताना हातमोजे, तोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा, विशेषतः परमँगनेटची पूड आणि फॉर्मेलिन हाताळताना. रिकाम्या बाटलीत घरात तेल भरलेलं मी पाहिलं आहे. बाटली फोडून, भोक पाडून टाका.

एक वही करा. तारीख, औषधाचं पूर्ण नाव, लेबलवरची टक्केवारी, बॅच क्रमांक, त्या दिवशीचं पाणी, माशाचं अंदाजे वजन, किती दिलं, कोणी दिलं, पाण्याचं तापमान. नऊ रकाने, दोन मिनिटांचं काम. या शेतकऱ्यांची मुलगी दहावीला आहे, तिने डाळिंबाच्या फवारणीच्या वहीच्या उलट्या बाजूने ही वही सुरू केली आणि तापमानाची बेरीज तीच करायची.

ऑक्सिटेट्रासायक्लिनचा शेवटचा दिवस 4 मार्च होता. सरासरी 26 अंशाने 500 ची बेरीज 24 मार्चला झाली. पण उवेच्या औषधाचा दुसरा डोस 28 मार्चला पडला, म्हणून बेरीज तिथून पुन्हा शून्यावर आणली. एप्रिलमध्ये पाणी तापलं, 28-29 अंश, 15 एप्रिलला आकडा 500 च्या पुढे गेला. त्याच्या आदल्या दिवशी पाग टाकून दहा मासे धरले. एकाच रोहूवर एक उवा निघाली. कौलं अजून पाण्यात आहेत, ती दर रविवारी बदलायची ठरली आहे. व्यापाऱ्याला फोन 16 तारखेला केला.